उणे सातचं मेण

पेन्शनच्या तिसऱ्या महिन्यात बाबांनी नवा प्रोसेसर घेतला
आणि कुह्मोच्या आमच्या लाकडी घरात
रात्रभर पंखा घोंघावत राहिला.

"तयार मिळतं ते गावच्या मापाचं,"
ते म्हणाले,
"बारा वर्षं जुन्या यंत्रालाही बसावं असं ढगळ.
मी घरीच बेतणार. ह्याच्याच अंगाचं."
आई असती तर म्हणाली असती,
आधी कोटाचा खिसा उसवलाय तो बघा.

सकाळी खिडकीबाहेर उणे एकोणतीस.
पडद्यावर ओळी सरकत होत्या,
कुणी वाचाव्यात म्हणून लिहिलेल्याच नव्हत्या त्या.
यंत्राच्या गरम पाठीवर
मी माझे ओले हातमोजे टाकले.
अकरा तास चाळीस मिनिटं लागली.

मग बाबांनी कपाटातून घड्याळ काढलं,
स्की-क्लबचं, चावीचं, काचेला तडा गेलेलं.
अठ्ठ्याहत्तरच्या जिल्हा शर्यतीत
ते तीन दशांश सेकंदांनी चौथे आले होते.
आमच्या घरात दशांशाला कुणी हसत नाही.

ब्राउझर उघडायला: आधी दोन पूर्णांक एक,
आता दोन पूर्णांक एक.
पत्र लिहायला: त्यांची दोन बोटं जितकी हळू तितकंच.
फोटो धारदार करायला: नऊऐवजी आठ पूर्णांक सात.
ते खुर्चीत पुढे सरकले.
दुसऱ्या खेपेला नऊ पूर्णांक एक.
तिसऱ्या खेपेला घड्याळाचं बटण अडकलं.

ओत्सो औलूहून फोनवर म्हणाला,
"तौनो मामा, नवा गडी एका घासात सोळा आकडे गिळतो,
खरंय. पण ताटात सोळा वाढलेले हवेत ना?
बहुतेक वेळ तो हात धुऊन पानावर बसलेला
आणि मेमरीच्या चुलीवरून
एकेक भाकरी येतेय.
शिवाय ज्यांना खरंच घाई असते ते प्रोग्राम
दारात कोण आलंय ते आधीच बघतात
आणि तसं वाढतात. तुम्ही नव्याने काय बेतणार?"

बाबांनी फोन ठेवला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग स्वतःचा प्रोग्राम काढला,
जुन्या फितींवरचे पांढरे ठिपके पुसणारा.
साध्या ओळी, एकामागून एक, सरळ,
कारखान्यातल्या कागदाच्या गुंडाळीसारख्या.
पूर्वी एकेचाळीस मिनिटं घ्यायचा.
सव्वीस.
मीही घड्याळ पाहिलं. सव्वीस.

फितीत आई होती, शेवटच्या रेषेपाशी,
हातात हेच घड्याळ, तेव्हा काच अखंड.
प्रोग्रामने ठिपके पुसले,
आणि ठिपके समजून
तिच्या टोपीवर पडणारा बर्फही.
पंधरा मिनिटं वाचली होती.
बाबांनी ती मूळ फीत पाहण्यात घालवली.

संध्याकाळी तो प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर घातला.
एक ओळ आली, 'बेकायदा आज्ञा',
आणि सगळं बंद.
"माझ्यापाशी काय बेकायदा आहे?" मी विचारलं.

"तुझं यंत्र जुनं," ते म्हणाले, "त्याला ही भाषाच येत नाही.
मेणासारखं आहे हे.
उणे सातचं मेण उणे सातच्या बर्फावर
देवासारखं धरतं.
तेच शून्यावर लाव,
चढावर पाय मागे मागे घसरतो."
नखाने टेबल खरवडत राहिले.
"त्या दिवशी दुपारी ऊन पडलं.
सगळ्यांनी साधं मेण लावलं होतं,
सगळ्या हवेला चालणारं.
मी सोडून."

बेचाळीस वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.
आईला माहीत असावं.
तिच्या हातात घड्याळ होतं.

रात्री त्यांनी एक शब्द बदलला
आणि माझ्यासाठी तेच पुन्हा बेतायला टाकलं,
गावच्या मापाचं, ढगळ.
पंखा सुरू झाला.
मी हातमोजे उलटे करून ठेवले.
आतून अजून ओलेच होते.